परळची शर्करा-खूण

मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. काही माणसांचे रक्त वरवर पाहता ओ गटाचे वाटे. परंतु त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी मिसळताच त्यांच्याही गुठळ्या होत. अशा माणसास नेहमीचे रक्त देणे म्हणजे त्याचा प्राण संकटात लोटणेच होते. ‘लान्सेट’मध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला हा शोध पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ख्यात झाला.

या निबंधाच्या लेखकांत लंडनचे मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही होते. रक्तगट म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांच्या साखळ्या होत, हे उलगडण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे. साखळीच्या टोकाला फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली की ‘एच’ ही खूण तयार होते आणि तिच्यावरच ए व बी या खुणा उभ्या राहतात. बॉम्बे गटात हा पायाच नसतो. मग वरची इमारत कोठून येणार?

अशा साखळ्या शरीरातील इतर पेशींवरही असतात, आणि येथेच हा विषय कर्करोगाशी येऊन भिडतो. पेशी बिघडली की तिच्या खुणाही पालटतात. अनेक गाठींत ए आणि बी या खुणा पुसट होतात, तर सियालिक आम्ल नावाची शर्करा वाढते. तिच्या आवरणामुळे शरीरातील रक्षक पेशींस ही पेशी आपल्यातलीच भासते आणि त्यांचा हल्ला मंदावतो. काही साखळ्या तर रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटण्यास साहाय्य करतात. मग रोग एका अवयवातून दुसऱ्यात पसरतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी मोजली जाणारी ‘सीए १९-९’ ही अशीच एक शर्करा-खूण. मात्र काही माणसांच्या शरीरात ती जन्मतःच तयार होत नाही, आणि साध्या काविळीतही ती वाढू शकते. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून निदान करीत नाहीत.

के. ई. एम.च्या शेजारीच १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. रक्त देताना जी खूण तपासावी लागते, तिच्याच जातीच्या खुणा कर्करोगाची वाटचालही दाखवितात.