काळीचा रंग आणि काळीचा कस

माती जितकी काळी तितका तिच्यांत कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश अधिक, ही समजूत फार जुनी आहे. जळगांव-धुळ्याकडील विद्यार्थ्यांस काळीचा काळेपणा कशाचा म्हणून विचारावें, तर बहुतेक जण 'खताचा' असेंच उत्तर देतात. इंग्रजी पुस्तकेंही हेंच शिकवीत आलीं, आणि थंड देशांपुरतें तें बव्हंशीं खरेंही आहे. खानदेशांत मात्र या समजुतीनें फसगत होते.

येथें रंगाला पैशाचें मोल होतें. १८४७ मध्यें गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनीं मुंबई इलाख्याच्या पाहणीचे जे नियम ठरविले, त्यांत जमिनीच्या नऊ प्रती सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत उतरत जातात. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळीभोर जमीन सोळा आणे. तितकीच खोल पण तांबूस व जाड पोताची असेल तर चौदा. १८५२ मध्यें ही पाहणी खानदेशांत आली, तेव्हां सारा वाढेल या धास्तीनें सावदें, फैजपूर, एरंडोल या बाजूची रयत उठली आणि सरकारास फौज आणावी लागली. तरीही विंगेट यांस एका गोष्टीचें श्रेय दिलेंच पाहिजे. त्यांचा भर मातीच्या ओल धरण्याच्या शक्तीवर होता. म्हणून रंगाबरोबर त्यांनीं खोलीही मोजविली.

पुढें रसायनज्ञ आले. १८९२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें लेदर यांस कृषिरसायनज्ञ नेमलें, आणि देशांतील मातींचें पद्धतशीर पृथक्करण सुरू झालें. आज आपणांस हें पक्कें ठाऊक आहे कीं, कापसाच्या या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाच्याही आंत असतो. मग ती काळी कां? काळ्या पाषाणापासून झालेल्या तिच्या चिकणमातीला हा अल्पसा अंश घट्ट चिकटून बसतो. थोडें काजळ बोटाला लागावें आणि सगळा तळवा काळा व्हावा, तसा प्रकार. नदीच्या वाळूची गोष्ट तर याहूनही निराळी. तापी-गिरणेच्या वाळूंतले काळे कण खडकाचे व लोहखनिजाचे. लोहचुंबक फिरविला कीं त्यांतले कित्येक त्याला चिकटून वर येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळूही अशीच खनिजाची. कुजका पाला कांहीं चुंबकाला चिकटत नाहीं!

रंगाची साक्ष ग्राह्य धरावयाची, तर ती एकाच खडकापासून झालेल्या, एकाच पोताच्या आणि सारख्याच ओल्या ढेकळांपुरती. मन्सेल नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें १९०५ मध्यें रंग आंकड्यांनीं नोंदण्याची पद्धति मांडली. मृत्तिकाशास्त्रज्ञ तिचे तक्ते आज शेतांत घेऊन जातात.

आमच्याकडे शेताला काळी म्हणतात, तशी गांवठाणाला पांढरी म्हणतात. तापीकाठीं प्रकाशें येथील पांढरी १९५५ मध्यें खणली, तेव्हां खालीं ताम्रपाषाणकालापर्यंतची वस्ती निघाली. शेंकडों वर्षांचें शेण, राख, हाडें अशा ठिकाणीं मुरलेलीं असतात, आणि रंग मात्र फिकट! कुणबी या रंगाला कधीं भुलला नाहीं. ओसाड पांढरीची माती तो गाड्या भरभरून काळींत टाकीत आला; त्या गाड्यांतून पुराणवस्तूही गेल्या, ही हळहळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांची.