धाराशिवचा श

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव करायला मान्यता दिली आणि पाट्या बदलायला लागल्या. नाव कोणतं असावं यावर वर्षानुवर्षं वाद झाले. ते कोणत्या वळणाच्या अक्षरांत लिहायचं हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. पाटी करणाऱ्याच्या संगणकात जो श असेल तोच 'धाराशिव'मध्ये बसतो. कधी तो मराठी वळणाचा शेंडीफोड्या असतो, तर कधी हिंदी वळणाचा गाठीचा. हा बेफिकीरपणा कुठून आला ते पाहायचं, तर पाटीवरच्या अक्षराची वंशावळ थोडी उलगडावी लागते.

जिल्ह्याचं ठाणं १९०४ मध्ये नळदुर्गहून धाराशिवला आलं. पुढे, १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान या निजामाच्या नावावरून गाव उस्मानाबाद झालं. कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून तिरकी उतरत येते आणि शिशाच्या चौकोनी खिळ्यांत तिला बसवणं अवघड जातं. म्हणून कातिब बोरूने लिहीत आणि ते लिखाण शिळाछापाच्या दगडावरून छापलं जाई. इकडे कुलकर्ण्यांच्या दप्तरात मोडी होती, तीही धावत्या हाताची. छापखाना आला तरी या मुलखात अक्षर हातातून सुटलं नव्हतं.

पॅरिसच्या भिंतींवरही त्याच दगडाने क्रांती केली. जूल शेरे यांनी १८६६ मध्ये तिथे स्वतःचा शिळाछापखाना काढला आणि चित्र व अक्षर एकाच हाताने दगडावर उतरवायला सुरुवात केली. १८९१ मध्ये तुलूझ-लोत्रेक यांनी मूलँ रूज या नृत्यगृहासाठी केलेलं भित्तिपत्रक हे त्याच परंपरेचं फळ. आज फ्रेंच ग्राफिक डिझाइनच्या स्टुडिओंचं कौतुक होतं, त्याचं एक मूळ या हाताच्या अक्षरात आहे.

आपल्याकडे देवनागरीचे सुबक खिळे मुंबईत पाडले गेले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने पोथ्यापुस्तकांना देखणं रूप दिलं. पण पानावरचा खिळा दुकानाच्या भाळी चढत नाही, तिथे पेंटरच लागतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपवायला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कचेऱ्या, शाळा, एसटी, सोसायट्या सगळ्यांना देवनागरी पाट्या लागल्या. खडू लावलेल्या दोरीने रेघ मारायची, शिरोरेघ ओढायची, एनॅमलने अक्षर भरायचं, लाल-काळी सावली द्यायची, ही विद्या गावोगावच्या पेंटरांकडे होती. नवी वळणं त्यांच्या नजरेला पडत ती वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत. तिथे कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकाच्या प्रत्येक नावाला स्वतंत्र चेहरा देत होते. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर तलवारीसारखं धारदार, तर फार्सचं अक्षर तोल गेल्यासारखं.

त्याच सुमारास मार्सेयच्या ऑलिव्ह फाउंड्रीसाठी रोजे एक्सकोफाँ यांनी ब्रशच्या फटकाऱ्याचे टाइप केले: १९५३ मध्ये 'मिस्ट्राल', १९५५ मध्ये 'शॉक'. फ्रान्समधल्या पावाच्या दुकानापासून गॅरेजपर्यंत ही अक्षरं पोचली. शेडगे आणि एक्सकोफाँ यांच्यात प्रतिभेपेक्षा व्यवस्थेचा फरक मोठा. एक्सकोफाँचा हात टाइप होऊन विकत मिळू लागला. शेडग्यांचं अक्षर मात्र त्या-त्या नावापुरतं राहिलं, त्यातून पूर्ण वर्णमाला घडवून बाजारात आणणारी फाउंड्री मराठीला नव्हती.

म्हणूनच संगणक आला तेव्हा पेंटरची विद्या त्यात उतरली नाही. डीटीपीच्या दुकानांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी बसली. विंडोजमध्ये र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा 'मंगल' आला. जोशी थोर सुलेखनकार, पण 'मंगल' पडद्यावर वाचण्यासाठी घडवलेला, वीस फुटांच्या फ्लेक्ससाठी नव्हे. देवनागरी फाँट बहुधा हिंदीला धरून बनतात. मराठी श आणि ल आत दिलेले असले, तरी सॉफ्टवेअरला भाषा मराठी असल्याचं सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात शेंडीफोड्या श आणि पाकळीयुक्त ल ही मराठीची रूपं ठरवून दिली. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक दुकानाला मराठी पाटी सक्तीची केली आणि देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावं असंही सांगितलं. आकार मोजायला निरीक्षक आहे, वळण पाहायला कुणी नाही.

फ्रान्समध्ये वळण पाहण्याचं हे काम सरकारी आणि सार्वजनिक संस्थांनी स्टुडिओंना दिलं. महामार्गालगतची प्रेक्षणीय स्थळं दाखवणारे तपकिरी फलक सत्तरच्या दशकात झाँ विडमेर यांच्या स्टुडिओने आखले. १९७७ मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्राचं बोधचिन्हही त्यांचंच. लूव्र संग्रहालयाची ओळख ग्रापुस या गटाने घडवली, तीही भित्तिपत्रकं करणारी मंडळी.

धाराशिव जिल्ह्यात दाखवण्यासारखं कमी नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग आहे, शिवाय परांड्याचा किल्ला, तेरचं लामतुरे संग्रहालय, तुळजापूर आणि खुद्द धाराशिवची लेणी. अक्षर घडवणारेही आता आहेत. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट कुणालाही फुकट वापरता येतात. त्यामुळे पैसा किंवा प्रतिभा ही अडचण उरलेली नाही. फलकांच्या निविदेत पत्र्याची जाडी आणि रंगाची प्रत लिहिलेली असते. तिथे आणखी एक अट घालावी लागेल: अक्षर कोणतं, आणि त्याची जबाबदारी कोणाची.