सातचा भोंगा

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात भोंगा म्हणजे पाळी बदलल्याची खूण. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे मात्र संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो तो टीव्ही आणि मोबाईल बंद करण्यासाठी. साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, घरच्यांशी बोलण्याचा.

या नियमाचा इतिहास छोटा आहे. करोनात शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल मुलांच्या हातातच राहिला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी महिलांच्या ग्रामसभेत भोंग्याचा निर्णय झाला. आधी लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी घरोघर फिरले, तेव्हा कुठे घडी बसली.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या भिलारने ४ मे २०१७ पासून घरांचे उंबरे वाचकांना मोकळे केले आणि ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. भिलारने घरात काही आणले. वडगावने दीड तासापुरते काही बाहेर ठेवले. दुसरे काम अधिक अवघड, कारण त्यात मोठ्यांनाही सोडावे लागते.

संध्याकाळी सात ही मालिकांची वेळ. ती सोडायचे आयाबायांनीच ठरवले. मुलांना नुसते ‘बंद कर’ सांगून भागले असते, तर भोंग्याची गरजच पडली नसती.