व्हिडिओ गेमचे व्यसन

मोबाइल किंवा संगणकावरील खेळ खेळण्यावरचा ताबा सुटून दैनंदिन जीवन विस्कळीत होणे, या मानसिक अवस्थेस व्हिडिओ गेमचे व्यसन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ या नावाने तिचा समावेश आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत केला. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत मात्र तिची नोंद ‘अधिक अभ्यासाची गरज असलेली अवस्था’ अशी आहे.

निदान

केवळ तास मोजून निदान होत नाही. खेळणे कधी थांबवावे यावर नियंत्रण नसणे, अभ्यास, झोप व माणसांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे, ही लक्षणे साधारणतः बारा महिने टिकलेली असावी लागतात. लक्षणे तीव्र असल्यास हा काळ कमी धरता येतो. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्याच्या उन्हात मुले दुपारभर घरातच असतात आणि मोबाइल हातचा सुटत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो आपोआप बाजूला पडत असेल, तर त्यास व्यसन म्हणणे घाईचे ठरते. पालकांची खरी गफलत येथेच होते: सुट्टीतल्या खेळावर आरडाओरडा होतो, आणि वर्षभर मित्र तुटत गेलेला, रात्री जागणारा मुलगा ‘शांत’ म्हणून दुर्लक्षित राहतो.

मार्च २०१९ मध्ये हिंगोली येथे रेल्वेमार्गाजवळ पबजी खेळणारे दोन तरुण रेल्वेखाली सापडून मरण पावले. अशी घटना बेसावधपणाचे धोके दाखवते; तेवढ्यावरून व्यसनाचे निदान करता येत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने पबजीवर घातलेली बंदीही व्यसनामुळे नव्हती. त्यामागे देशाची सुरक्षा व सार्वभौमत्व ही कारणे दिली होती. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ प्रामुख्याने जुगाराच्या विकारात मोडतात.

उपचार

या विकारासाठी खास असे मान्यताप्राप्त औषध नाही. बोधात्मक वर्तनोपचार व कुटुंबाचे समुपदेशन यांवर मुख्य भर असतो. खेळामागे नैराश्य, चिंता किंवा अवधानाचा विकार दडलेला असल्यास त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. एरवी मोबाइल काढून घेतला तरी मूळ दुखणे राहतेच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी विशेष चिकित्सालय सुरू केले. खानदेशात जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील मानसोपचार विभागांत तपासणी करून घेता येते. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो.