नाईलच्या सफरीची सिद्धता

१८४७ सालीं लंडनच्या मरे या प्रकाशकांनीं मिसर देशाच्या प्रवाशांसाठीं एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलें. तें लिहिणारे सर गार्डनर विल्किन्सन हे त्या देशांत बारा वर्षें राहून प्राचीन थडग्यांच्या भिंतींवरील चित्रें उतरवून घेणारे गाढे विद्वान. परंतु बरोबर न्यावयाच्या सामानाची त्यांनीं जी यादी दिली आहे, तिच्यांत मोठ्या गंभीरपणें एक लोखंडी पिंजरा सांगितलेला आहे. आणि तो उंदरांचा! पिरॅमिड पाहावयास निघालेल्या गृहस्थानें उंदरांचा पिंजरा कशासाठीं घ्यावा? कारण एवढेंच कीं, नाईलवर त्याचें घर म्हणजे भाड्याची नौका असे, आणि त्या घरांत त्याच्या आधींच पुष्कळांनीं बिऱ्हाड थाटलेलें असे. म्हणून नौका ठरली कीं ती प्रथम नदींत बुडवावी, उंदीर-झुरळांचा निकाल लागला म्हणजे वर काढून वाळवावी, आणि मगच सामान चढवावें, असाही सल्ला त्या काळीं देण्यांत येई.

मुंबईहून विलायतेस जाणाऱ्यांना एवढा खटाटोप करण्यास सवड नसे. १८३० सालीं ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुवेझला गेली, आणि पुढें सुवेझ ते कैरो हें वाळवंट ओलांडून जाण्याचा प्रघात पडला. वाटेवरील ठाण्यांवर घोडे बदलावयाचे, धूळ खावयाची आणि अलेक्झांड्रियाची बोट गांठावयाची, एवढाच मिसर देश त्या उतारूंच्या वांट्यास येई. देश पाहावयाचा तर नाईलवर तीन महिने काढावयास हवेत.

या नौकेचें नांव दहबिया. तळ सपाट, शीड प्रचंड, मागील अंगास प्रवाशांच्या खोल्या आणि पुढें स्वयंपाकाची चूल. ती कैरोच्या बुलाक बंदरांत ठरवावयाची आणि तिच्या तांडेलाशीं, म्हणजे रईसाशीं, वकिलातींत बसून लेखी करार करावयाचा. निघावयाचें तें हिंवाळ्यांत. कारण उन्हाळ्यांत दक्षिण मिसरांत पारा ४० अंशांच्याही वर चढतो. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्यामुळें जातांना शीड आणि येतांना प्रवाह, अशी निसर्गानेंच सोय करून ठेविली आहे. परंतु तिचा एक विचित्र परिणाम होई. अनुकूल वारा असतांना थांबणें हा अपराधच. तेव्हां थीब्जसारखें पुराणप्रसिद्ध नगर समोरून गेलें तरी पुढेंच जावयाचें, आणि देवळें पाहावयाचीं तीं परतीच्या वाटेवर. म्हणजे मिसरचा इतिहास प्रवाशानें कोणत्या क्रमानें वाचावा, हें वारा ठरवी!

करारांत आणखी एक कलम असे, आणि तें सामानाच्या याद्यांहून अधिक बोलकें आहे. अस्यूत, एस्ना अशा गांवीं खलाशांना भाकरी भाजून घेण्यासाठीं एक दिवसाचा मुक्काम द्यावा, हें तें कलम. या भाकरीचे तुकडे करून उन्हांत वाळवीत आणि मसुरीच्या आमटींत भिजवून आठवडेच्या आठवडे खात. मागील खोल्यांत चहा, मुरंबे, डबाबंद पदार्थ. पुढें वाळली भाकरी. वारा पडला म्हणजे हेच लोक कांठावरून दोर खांद्याला लावून नौका ओढीत.

सर्वांत सुंदर प्रवासवर्णन जिच्या हातून लिहिलें गेलें, ती अमेलिया एडवर्ड्स मात्र कसलीच तयारी न करतां आली होती. ही इंग्रज कादंबरीकर्त्री फ्रान्समधील पावसाला कंटाळून १८७३ च्या नोव्हेंबरांत कैरोस पोहोंचली. अबू सिंबेल येथें रामेसीसच्या एका प्रचंड मुखावर पूर्वीं कोणी सांचा घेतांना राहिलेले चुन्याचे पांढरे डाग तिला खुपले. तिनें ते खलाशांकडून खरडविले, आणि दगडाच्या रंगाशीं रंग जुळावा म्हणून वर कॉफीचा लेप देवविला. नौकेवरील कॉफीचा सांठा याप्रमाणें एका फॅरोच्या सेवेंत खर्ची पडला! आजच्या पुराणवस्तुसंशोधकाला ही सेवा रुचणार नाहीं. तथापि हीच बाई १८८२ सालीं मिसरच्या उत्खननासाठीं मंडळ स्थापण्यांत पुढें होती.

तोंवर थॉमस कुक यांच्या आगबोटी नाईलवर आल्या होत्या. त्यांची पहिली सहल सुवेझचा कालवा खुला झाला त्याच, म्हणजे १८६९ सालीं गेली. पुढें वीस दिवसांत अस्वान पाहून परत, असा क्रम बसला. नौका बुडविणें नको, करार नको, पिंजरा नको. पैसे भरले कीं तयारी दुसऱ्यानेंच केलेली. दहबियावाले या आगबोटवाल्यांना नाकें मुरडीत. पण तो मत्सरच म्हटला पाहिजे, कारण पुढील अंगास दोघांच्याही दृष्टीचा आवांका सारखाच असे.

याला एक अपवाद आठवतो. लेडी लूसी डफ गॉर्डन १८६२ सालीं मिसरांत गेली ती सफरीसाठीं नव्हे. क्षयानें पोखरलेल्या छातीला कोरडी हवा मिळावी म्हणून. लक्झरच्या प्राचीन देवळाच्या माथ्यावर बांधलेल्या एका मोडक्या घरांत ती राहिली. प्रत्येक प्रवासी आपल्यापुरती औषधांची पेटी नेत असे. हिची पेटी गांवासाठीं उघडी राहिली, आणि १८६४ सालीं सांथ आली तेव्हां लोक तिच्याच दाराशीं येत. म्हणूनच इतरांना न दिसलेलें तिला दिसलें. सुवेझच्या कालव्यावर १८६४ पर्यंत दरमहा सुमारें २०,००० शेतकरी वेठीस धरून नेले जात. गांवें ओस पडत, नांगर पडून राहत, आणि त्याच हंगामांत देवळें पाहणाऱ्यांच्या नौका कांठानें जात. इस्माइल पाशाच्या राज्यांतील ही वेठ आणि करांचा जुलूम तिनें आपल्या पत्रांत लिहून ठेविला. तीं पत्रें १८६५ सालीं लंडनला छापून निघालीं.

१८६९ च्या जुलैंत कैरो येथें तिचा अंत झाला. पुढें पांच वर्षांच्या आंत एडवर्ड्सबाई लक्झरला आली, तेव्हां ती त्या घरांत मुद्दाम गेली. घर ओकेंबोकें होतें. लूसीचा कोच, गालिचा आणि घडीची खुर्ची मात्र अजून तेथें होती, आणि गांवकरी तिचें नांव दुवा देत घेत होते. पुढें देवळावरील माती उपसली गेली, आणि तें घरही आतां राहिलेलें नाहीं.