सीपॅप मशीन घेऊन परदेशात निघालात? व्होल्टेजचं टेन्शन सोडा, आधी हे बघा

मुलीकडे अमेरिकेला जायचं ठरतं, व्हिसा येतो, तिकीट होतं. आणि मग घरातल्या कुणाला तरी आठवतं, बाबांचं ते रात्री लावायचं मशीन तिकडे चालेल का? तिकडची वीज वेगळी असते म्हणे. फॅमिली ग्रुपवर सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं ट्रान्सफॉर्मर घेऊन जा, कुणी म्हणतं मशीन जळेल, तर कुणी म्हणतं, थोडे दिवस नाही लावलं तर काय बिघडतं?

यातला पहिला सल्ला बहुतेक वेळा पैसे वाया घालवणारा, दुसरा चुकीचा आणि तिसरा धोक्याचा आहे.

हे मशीन नेमकं करतं काय?

स्लीप ॲप्नियामध्ये झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र आजार असेल तर हे तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा घडतं. सकाळी माणसाला यातलं काहीच आठवत नाही, फक्त दिवसभर झोप येत राहते.

सीपॅप मशीन मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन ही वाट उघडी ठेवतं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये सिडनीत ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं, तेव्हा हवा ढकलायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावली होती. आजचं मशीन छोटं आणि शांत असलं, तरी आत मूळ गोष्ट तीच आहे, हवा ढकलणारा एक पंखा. आणि पंख्याला फारशी वीज लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे बॅटरीच्या हिशेबात कामाला येईल.

मग व्होल्टेजचं काय?

भारतात घरातली वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १००. आकडे वेगळे आहेत हे खरंच. पण तुमचं मशीन भिंतीतली वीज थेट घेतच नाही. मध्ये एक काळा ठोकळा असतो, लॅपटॉपच्या चार्जरसारखा. तो उलटा करा आणि मागचं बारीक अक्षरांचं लेबल वाचा. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की सोपं जातं.

त्यावर 'इनपुट'पुढे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं असेल, तर विषय संपला. तो ठोकळा जगात जवळपास कुठेही चालतो, समोर किती व्होल्ट आहेत हे स्वतःच ओळखतो. मशीनवर कुठलंही बटण बदलायचं नाही, सेटिंग करायचं नाही. हल्लीच्या जवळपास सगळ्या सीपॅप मशीनना असाच ठोकळा येतो.

त्यामुळे जड ट्रान्सफॉर्मर किंवा 'व्होल्टेज कन्व्हर्टर' विकत घेऊ नका. हेअर ड्रायरसाठी मिळणारे स्वस्त कन्व्हर्टर तर या ठोकळ्याला त्रासदायकच ठरू शकतात.

अपवाद जुन्या मशीनचा. ठोकळ्याशिवाय थेट वायर लागणारं मशीन असेल किंवा ह्युमिडिफायरची (हवेला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या डब्याची) वायर वेगळी असेल, तर दोन्हींची लेबलं वेगवेगळी तपासा.

बदलायचा असतो तो फक्त प्लग

आपला तीन गोल पिनांचा प्लग भारत, नेपाळ आणि श्रीलंकेसारख्या मोजक्या देशांतच बसतो. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये दोन चपट्या पिना चालतात. ब्रिटन, दुबई, सिंगापूर आणि मलेशियात तीन जाड चौकोनी पिना. युरोपात बहुतेक ठिकाणी दोन गोल पिना, पण स्वित्झर्लंडचं सॉकेट वेगळं. युरोप टूरमध्ये पॅरिसनंतर स्वित्झर्लंड असतंच, आणि पॅरिसला नीट बसलेला अडॅप्टर तिथे अडतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पिना तिरक्या.

सगळ्या देशांचा मिळून एक 'युनिव्हर्सल' अडॅप्टर मिळतो. चालतो, पण जड असतो आणि सैल सॉकेटमधून रात्रीत निसटतो. मला विचाराल तर यापेक्षा सोपा उपाय आहे. ठोकळ्याला भिंतीकडून येणारी वायर बहुतेक मशीनमध्ये काढता येते. तिचं ठोकळ्यात शिरणारं टोक प्रिंटर, मॉनिटर, टीव्हीला असतं तसंच नेहमीचं असतं. कुठे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, कुठे तीन छिद्रांचं. त्याच टोकाची, पण त्या देशाच्या प्लगची वायर घ्यायची. मग अडॅप्टर लागतच नाही. मुलांकडे पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईबाबांसाठी तर हेच उत्तम. अशी वायर तिकडच्या घरात कुठल्या तरी कपाटात पडलेलीही असेल.

सॉकेट आहे, पण पलंगापासून लांब

व्होल्टेजमुळे नाही, तर या कारणाने रात्र वाया जाण्याची शक्यता जास्त. हॉटेलात टेबलाजवळ चार सॉकेट असतात आणि पलंगाशी एकही नाही. म्हणून दोन-तीन मीटरची साधी एक्स्टेंशन वायर बॅगेत हवीच. साधी म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नसलेली. अमेरिकेतून भारतात किंवा युरोपात येणाऱ्यांनी तर हे नक्की बघावं, कारण तिकडचे सर्ज प्रोटेक्टरवाले बोर्ड १२० व्होल्टसाठी बनलेले असतात. मशीन २३० व्होल्ट सहन करेल, बोर्ड करणार नाही. क्रूझवर सर्ज प्रोटेक्टर अनेकदा नेऊच देत नाहीत.

अमेरिकेत काही खोल्यांमध्ये सॉकेट भिंतीवरच्या बटणाला जोडलेलं असतं. झोपताना दिव्याचं बटण बंद केलं की मशीनही बंद. त्यामुळे मास्क लावण्याआधी सगळे दिवे मालवून मशीन चालू राहतंय का, ते पाहा. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच सॉकेटला बटण असतं, ते चालू करायला विसरू नका. तिथल्या बाथरूममधलं 'फक्त शेव्हरसाठी' असं लिहिलेलं सॉकेट मात्र या कामाचं नाही. आणि ज्या हॉटेलात दाराजवळ कार्ड अडकवल्यावर वीज येते, तिथे दिवसा बॅटरी चार्जिंगला लावून फिरायला गेलात, तर परत आल्यावर ती रिकामीच सापडू शकते. रिसेप्शनवर जादा कार्ड मागून घ्या.

विमानात काय?

पहिली गोष्ट, मशीन चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग हरवली तर पहिल्याच रात्री पंचाईत. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांमध्ये तिथल्या नियमांनुसार सीपॅप हे आजारासाठीचं सहायक साधन मानलं जातं आणि केबिन बॅगेच्या मोजणीत धरलं जात नाही. बाकी मार्गांवर एअरलाइनला आधी विचारा. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जवळ असलं की सुरक्षा तपासणीत बोलणं लवकर संपतं. पाण्याचा डबा घरूनच रिकामा आणि कोरडा करून निघा, नाहीतर पाणी मशीनच्या आत जातं.

विमानात मशीन लावून झोपायचं असेल तर तयारी जास्त लागते. मशीनवर विमानात वापरता येत असल्याचा शिक्का हवा. एअरलाइन ४८ तास आधी कळवायला सांगू शकते. सीटखालच्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका. त्याला वॅटची मर्यादा असते, ते मधेच बंद पडतं, काही सीटना नसतंच. अमेरिकेच्या मार्गावर उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी बॅटरी आणा, असंही एअरलाइन सांगू शकते. म्हणजे मुंबई ते न्यूयॉर्क १६ तास धरले, तर २४ तासांची बॅटरी. ह्युमिडिफायरमध्ये पाणी घालून विमानात मशीन वापरायचं नाही. विमान हेलकावलं तर ते पाणी नळीतून नाकात येऊ शकतं.

बॅटरीचा हिशेब

लिथियम बॅटरी वेगळी नेत असाल तर ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-अवरची असेल तर एअरलाइनची परवानगी हवी आणि अशा जादा बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. त्यावर नाही. सीपॅपसाठी मिळणाऱ्या बऱ्याच बॅटऱ्या १०० च्या किंचित खाली असतात, त्या याच नियमामुळे.

बॅटरीवर फक्त एमएएच लिहिलं असेल, तर त्याला बॅटरीच्या व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्टची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर.

आता रात्रीचं गणित. ठोकळ्यावर ९० वॅट लिहिलेलं पाहून लोक घाबरतात, की १०० वॉट-अवरची बॅटरी तासाभरात संपणार. तसं नाही. ९० ही ठोकळ्याची क्षमता आहे, रोजचा खर्च नव्हे. खरी वीज खातो तो पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी. ही दोन्ही बंद केली तर मध्यम दाबावर नुसत्या पंख्याला १० वॅटच्या आसपास वीज पुरते. म्हणजे आठ तासांना ८० वॉट-अवर, एका बॅटरीत एक रात्र. तीच बॅटरी ह्युमिडिफायर चालू ठेवून दोन-अडीच तासांत बसू शकते. तुमचा दाब जास्त असेल किंवा मास्कमधून हवा गळत असेल तर खर्च वाढतो. म्हणून निघण्याआधी एक रात्र घरीच बॅटरीवर झोपून बघा.

मशीनला किती व्होल्ट हवेत, हेही पाहावं लागतं. रेसमेडची एअरसेन्स १० आणि ११ ही मशीन २४ व्होल्टवर चालतात, फिलिप्सचं ड्रीमस्टेशन १२ व्होल्टवर. गाडीतलं सॉकेट १२ व्होल्टचं असतं. त्यामुळे न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन घेऊन फिरणार असाल, तर रेसमेडला १२ चे २४ करणारा कंपनीचा कन्व्हर्टर लागतो. ड्रीमस्टेशनला कंपनीची कारची वायर पुरते.

पॉवर बँकेबाबत वातावरण सध्या कडक आहे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला आग लागली. त्यानंतर अनेक एअरलाइन्सनी नियम आवळले. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी घातली. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून एका प्रवाशाला एकच पॉवर बँक, तीही न वापरता, असा नियम केला. वैद्यकीय उपकरणाची बॅटरी ही वेगळी बाब आहे. पण दिसायला दोन्ही सारख्याच, आणि केबिन क्रूला लांबून फरक कळत नाही. एअरलाइनकडून ईमेलवर लेखी परवानगी घ्या आणि त्याची प्रिंट बॅटरीसोबतच ठेवा.

आणि नाहीच नेलं तर?

मशीन बंद झालं की श्वास अडकणं लगेच, त्याच रात्री परत सुरू होऊ शकतं. त्यात जेट लॅग, त्यात विमानात घेतलेली दारू. दारू आणि काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. दुसऱ्या दिवशी अनोळखी देशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने भाड्याची गाडी चालवायची असेल, तर ही झोप महागात पडू शकते. वीज गेल्यामुळे एखादी रात्र मशीनशिवाय काढावीच लागली, तर कुशीवर झोपा, डोकं उंच ठेवा, दारू घेऊ नका. आजार तीव्र असेल तर अशा रात्रीसाठी काय करायचं, हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा.

शेवटी परत त्या काळ्या ठोकळ्याकडे. मशीन सहसा कुणी विसरत नाही, विसरतो तो हा ठोकळा. प्रत्येक कंपनीची पिन आणि व्होल्ट वेगळे, त्यामुळे तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. लॅपटॉपचा चार्जर जोडून पाहण्याच्या भानगडीत पडू नका, पिन बसली तरी व्होल्ट जुळतीलच असं नाही. लेबलचा काढलेला फोटो मोबाइलमध्ये राहू द्या, नवीन मागवताना तोच दाखवावा लागेल. आणि सकाळी बस सुटायच्या गडबडीत खोली सोडताना पलंगामागच्या सॉकेटवर एक नजर टाका.