शाळेतला जुना कॉम्प्युटर पोरांच्या हातात द्यायचाय? ‘शुगर’ काय आहे, कसं बसवायचं आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची

आपल्या जिल्ह्यात ‘शुगर’ म्हटलं की एक तर कारखाना आठवतो, नाही तर दवाखाना. ही तिसरी शुगर. लहान मुलांसाठी तयार केलेली ही कॉम्प्युटरची मोफत डेस्कटॉप प्रणाली आहे. विंडोज सुरू झाल्यावर जसा डेस्कटॉप दिसतो, तसा हा मुलांचा डेस्कटॉप. पहिली ते आठवीच्या मुलांना तो सहज वापरता येतो.

अनेक शाळांमध्ये एक-दोन जुने कॉम्प्युटर डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवलेले असतात आणि वर कापड टाकून कोपऱ्यात ठेवलेले असतात. ‘पोरं बिघडवतील’ या भीतीने ते माहिती भरण्यापुरतेच उघडतात. मुलांच्या वाट्याला फक्त बघणं येतं. हे कॉम्प्युटर मुलांच्या हातात देता येतात का, हा या लेखाचा विषय आहे.

ही शुगर आली कुठून?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही कल्पना मांडली. १०० डॉलरचा लॅपटॉप, असा तेव्हा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात हिरव्या-पांढऱ्या रंगाचा तो ‘एक्सओ’ लॅपटॉप तयार झाला तेव्हा किंमत १८० डॉलरच्या पुढे गेली होती. त्या लॅपटॉपसाठी जी प्रणाली लिहिली, ती शुगर. लॅपटॉपची योजना पुढे मंदावली, पण प्रणाली टिकली. २००८ मध्ये वॉल्टर बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ ही संस्था सुरू केली आणि शुगर कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर चालेल अशी झाली.

यामागचा विचार गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांचा. मूल ऐकून शिकतं त्यापेक्षा काहीतरी बनवताना जास्त शिकतं, असं ते सांगत.

महाराष्ट्रातलं खैराट

२००७ साली हे लॅपटॉप महाराष्ट्रातल्या एका छोट्या शाळेत पोहोचले. गाव खैराट, तालुका कर्जत. आपलं कर्जत नव्हे, रायगड जिल्ह्यातलं. जिल्हा परिषदेची शाळा, एकच शिक्षक, पहिली ते चौथी एकत्र, मुलं वीस-बावीस. आपल्याकडे अकोल्याच्या डोंगरात किंवा पाथर्डी-जामखेडच्या वस्त्यांवर अशा शाळा आहेतच, त्यामुळे हे चित्र वेगळं सांगायला नको.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना देशभर घ्यायला नकार दिला होता. योजना शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. त्यामुळे भारतात हे काम खैराटसारख्या मोजक्या ठिकाणांपुरतंच राहिलं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनीही शुगर वापरणाऱ्या मुलांसोबत काम केलं आहे.

उघडल्यावर काय दिसतं?

पहिल्यांदा सुरू केलं की शुगर नाव विचारते आणि रंग निवडायला सांगते. मग पडद्याच्या मध्यभागी त्या रंगाचं एक माणसाचं चिन्ह दिसतं, आणि भोवती गोल रिंगणात चित्रं. प्रत्येक चित्र म्हणजे एक ‘अॅक्टिव्हिटी’, मराठीत उपक्रम म्हणू.

विंडोजपेक्षा तीन गोष्टी वेगळ्या आहेत:

१. एका वेळी एकच काम पूर्ण पडद्यावर दिसतं. खिडक्यांवर खिडक्या उघडत नाहीत. डबल क्लिकही लागत नाही, एका क्लिकवर काम होतं.

२. फाइल आणि फोल्डरची भानगड नाही. मुलाने जे केलं ते आपोआप ‘जर्नल’मध्ये जमा होतं. जर्नल म्हणजे रोजनिशी. कधी, काय केलं याची यादी तिथे दिसते. कालचं चित्र आज पुढे रंगवायचं असेल तर यादीतून उघडायचं, बस.

३. शेजारी दिसतात. दोन कॉम्प्युटर एकाच वायफाय राउटरवर असतील तर, इंटरनेट नसलं तरी, दुसरं मूल ‘शेजार’ पडद्यावर दिसतं. त्याला बोलावून काही उपक्रम दोघांनी मिळून करता येतात.

एफ१ दाबलं की शेजार, एफ२ ला आपला गट, एफ३ ला घर आणि एफ४ ला चालू काम. एवढ्या चार कळा मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा.

सगळ्यात कामाचा उपक्रम: कासव

शुगरमध्ये चित्रं, लेखन, संगीत, गणकयंत्र, चक्रव्यूह असं बरंच आहे. एकच निवडायचं झालं तर ‘टर्टल ब्लॉक्स’ घ्या. पडद्यावर एक कासव असतं. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’, ‘पुन्हा कर’ असे ठोकळे जोडायचे, की कासव रेघ काढत चालतं.

पहिला पाठ चौरसाचा. ‘पुन्हा ४ वेळा’ या ठोकळ्यात ‘पुढे १००’ आणि ‘उजवीकडे ९०’ घाला. चौरस तयार.

दुसरा पाठ त्रिकोणाचा, आणि खरी मजा इथे आहे. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, असं पाठ असलेलं मूल ‘पुन्हा ३ वेळा, पुढे १००, उजवीकडे ६०’ असं लावतं. त्रिकोण बंदच होत नाही. षटकोनाचा अर्धा तुकडा उमटतो. इथे लगेच उत्तर सांगू नका. मुलाला अंगणात उभं करा आणि स्वतः कासव होऊन चालायला लावा. त्रिकोणाच्या आतला कोन ६०, पण चालणाऱ्याला वळावं लागतं १२०, हे पायाला कळतं. मग पुढचं मूल स्वतःच शोधतं: पूर्ण फेरी ३६० अंशांची, तिला बाजूंच्या संख्येने भागा. पंचकोनाला ७२, षटकोनाला ६०.

तिसरा पाठ रांगोळीचा. आधीचा चौरस ३६ वेळा काढायचा आणि दर वेळी १० अंश वळायचं. दिवाळीच्या आधी हा पाठ घ्या, मुलं उठायचं नाव घेणार नाहीत.

आणखी दोन

‘मेमोराइझ’ हा जोड्या लावायचा खेळ. तयार खेळापेक्षा मुलांना स्वतःचा खेळ बनवू द्या. एका पत्त्यावर ‘बाजरी’, दुसऱ्यावर ‘खरीप’. एकावर ‘हरभरा’, दुसऱ्यावर ‘रब्बी’. किंवा ७×८ आणि ५६. खेळ बनवतानाच निम्मा अभ्यास होतो.

‘राइट’ म्हणजे लेखन. सेटिंगमध्ये कळफलक मराठी करून घ्या. शुगरचं मराठी भाषांतर आहे, पण सगळ्या सूचना मराठीत येत नाहीत. काही इंग्रजी शब्द राहतात. चित्रं ओळखीची झाली की त्याने अडत नाही.

बसवायचं कसं?

* फक्त बघायचं असेल तर: ‘शुगरायझर’ ही आवृत्ती ब्राउझरमध्ये किंवा अँड्रॉइड टॅबवर चालते. कॉम्प्युटरला हात न लावता शिक्षकांना आधी स्वतः करून बघता येतं.
* पेनड्राइव्हवरून: ‘शुगर ऑन अ स्टिक’ ही फेडोरा लिनक्सची मोफत आवृत्ती डाउनलोड करून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. कॉम्प्युटर सुरू होताना बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडायचा. ती कळ कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. यात हार्डडिस्कवरच्या विंडोजला आणि शाळेच्या माहितीला धक्का लागत नाही.
* कायमचं: मशीनवर डेबियन लिनक्स असेल तर ‘सुक्रोज’ नावाचं पॅकेज टाका. लॉगिन करताना नेहमीचा डेस्कटॉप की शुगर, हे निवडता येतं. शाळेचं काम आणि मुलांचं काम एकाच मशीनवर चालतं.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. साध्या पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर मशीन बंद केलं की जर्नल पुसलं जातं. मुलाने तासभर काढलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी नसेल तर त्याचं मन मोडतं. म्हणून पेनड्राइव्ह फक्त चाचणीपुरता वापरा. मुलांना द्यायचं तेव्हा शुगर मशीनवर बसवलेली हवी.

मशीन ६४-बिटचं असावं, ३२-बिटच्या फार जुन्या मशीनवर फेडोराची सध्याची आवृत्ती चालत नाही. रॅम २ जीबी किंवा जास्त असावी. हार्डडिस्कला हात लावण्यापूर्वी शाळेची सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा. उद्या विचारणा झाली तर कागद हवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी

दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वस्त्यांवरची बरीच मुलं आई-बापासोबत कोयत्यावर जातात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. पुस्तक कुठे सोडलं हेही आठवत नाही. इथे जर्नलचा उपयोग होतो. प्रत्येक मुलाचं वेगळं लॉगिन करा, म्हणजे जर्नलही वेगळं राहतं. ते जमत नसेल तर प्रत्येक कामाला मुलाचं नाव द्यायला लावा. जाण्यापूर्वी पेनड्राइव्हवर प्रतही काढून ठेवता येते. पाडव्यानंतर मूल परत आलं की स्वतःचं काम जिथे सोडलं तिथून उघडतं. बुडालेले महिने त्याने भरून निघत नाहीत, पण सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.

मग गुण वाढतात का?

याचं उत्तर पेरू देशाने दिलं आहे. तिथल्या सरकारने लाखो एक्सओ लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. मुलांचा कॉम्प्युटर वापर खूप वाढला, तर्कबुद्धीच्या चाचणीत थोडी वाढ दिसली, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. उरुग्वेने वेगळी वाट धरली. २००७ मध्ये एका गावापासून सुरुवात करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला आणि इंटरनेट, दुरुस्ती, शिक्षकांची मदत यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. मशीन वाटून शिक्षण होत नाही. कासवाने त्रिकोण बंद केला नाही, तेव्हा ‘का बरं?’ असं विचारणारे गुरुजी किंवा बाई शेजारी लागतात. तो प्रश्न नसेल तर शुगर हा आणखी एक खेळ ठरतो. म्हणून नवीन खरेदीसाठी लोकवर्गणी काढण्याआधी जे मशीन आहे त्यावर करून बघा.

सुरुवात कशी करावी?

* एक मशीन, एक वर्ग, आठवड्यातून एक तास. आनंददायी शनिवारचा तास याला सोयीचा आहे.
* एका मशीनवर तीनच मुलं. एक कळा दाबणार, एक सांगणार, एक वहीत लिहिणार. दर १० मिनिटांनी अदलाबदल. मुलींच्या हातात माउस येतोय ना, याकडे लक्ष ठेवा.
* विजेचा भरवसा नसेल तर जुना लॅपटॉप बरा. बाकीच्या गटांनी तोच त्रिकोण अंगणात खडूने काढायचा.
* पहिला महिना फक्त कासव. बाकी उपक्रम मुलं स्वतः शोधतात.
* महिन्याच्या शेवटी पालकांना बोलवा आणि जर्नल मुलांनाच दाखवू द्या.

आणि पोरं बिघडवतील ही भीती? चुकीची कळ दाबली तर फार तर कासव वाकडं चालेल. ते सरळ कसं करायचं, हे शोधण्यातच तर शिकणं आहे.